बाहेरगावच्या एजंटाचं कमिशन

३ जून

अण्णा,

यांना चमच्याने दूध भरवून झालं, देवाजवळ दिवा लावून झाला, आणि आता कारखान्याच्या ऑफिसात बसून हे लिहिते आहे. तुमच्याच खुर्चीत. तुम्ही हिशेबनिशी सोडून मुलीकडे राहायला गेलात त्याला दोन वर्षं झाली, पण खुर्चीचा मागचा पाय अजून पुठ्ठ्याच्या घडीवरच उभा आहे.

यांचं तुमच्या कानावर आलंच असेल. पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. ज्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचा त्यांच्या ओठांची हालचाल बघून मी पाणी हवं की पाठ वळवायची ते ओळखते. देवाने निदान ओळखण्याची बुद्धी शाबूत ठेवली आहे.

लिहायचं कारण वेगळंच. बँकेचा माणूस येऊन गेला. चहाला नको म्हणणारा. अशा माणसांची मला धास्तीच वाटते. त्याने ताळेबंदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ब्रश तुम्ही स्वस्तात बनवता, खोट तिथे नाही. खोट या ओळीत आहे: विक्री, सर्वसाधारण व प्रशासकीय खर्च. शंभराच्या विक्रीत एकतीस इथेच जातात. सप्टेंबर उजाडायच्या आत ते सव्वीसवर आणा, नाहीतर कर्जाची मुदत वाढणार नाही. मुदत वाढली नाही तर कारखान्याला कुलूप, आणि बावीस माणसं घरी.

मी मॅट्रिक झालेली बाई. तीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिला, काडेपेटीसुद्धा कधी चुकली नाही. पण ही ओळ म्हणजे मला पाहुण्यांनी भरलेली खोली वाटते. कोण कुणाचा, कशाला आलाय आणि कधी जाणार, काही कळत नाही. तेवढं मला समजेल असं लिहून कळवा.

दुसरं काम याहून मोठं आहे. आमचा ठेंगू तुमच्याच शहरात आहे. (सहा फुटी मुलाला अजून ठेंगू म्हणते म्हणून हसू नका. चौदाव्या वर्षापर्यंत तो खरंच टेबलाएवढा होता.) सात वर्षांपूर्वी यांच्याशी भांडून गेला तो गेलाच. पण गेली सहा वर्षं महिन्याच्या सात तारखेच्या आत पाचशेची मनिऑर्डर आणि टाइप केलेलं चार ओळींचं पत्र चुकलेलं नाही. पत्ता मात्र देत नाही, नुसती पोस्टाची पेटी. त्या पेटीवर मी यांच्या आजाराचं कळवलं. उत्तर आलं, "बाबांना जप. यायला जमणार नाही." एवढंच. राग अजून उतरलेला दिसत नाही.

अण्णा, तुम्ही त्याला अंगाखांद्यावर खेळवलंत. त्याला शोधा. समोर उभे राहा. म्हणावं, बाप आता ओरडू शकत नाही, आता तरी ये. मला दुसरं काही नको. कारखाना राहिला काय नि गेला काय, यांचे डोळे मिटायच्या आत तो दारात दिसला पाहिजे.

तुमची,
वहिनी

११ जून

वहिनींना नमस्कार.

मालकांची बातमी मिस्त्रीकडून कळली होती. येणार होतो, पण गुडघे प्रवासाला तयार नाहीत. रोज देवाकडे त्यांच्यासाठी हात जोडतो.

आता तुमचा प्रश्न. समजा, तुम्ही चार माणसांना पैसे घेऊन जेवण देता. धान्य, तेल, सरपण आणि स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईची मजुरी हा जेवण बनवण्याचा खर्च. आपल्याकडे तो म्हणजे लाकडी दांडा, केस, पत्र्याची पट्टी, सरस आणि कारागिरांची मजुरी. ब्रश हातात धरला की हा सगळा खर्च हातात येतो.

पण जेवायला माणसे यावीत म्हणून तुम्ही दाराला पाटी लावली, कुणाला चार घरी सांगायला पाठवले, त्याला गाडीभाडे दिले. तो विक्रीखर्च. जिन्यातला दिवा, दाराचे कुलूप, घराचे भाडे हा सर्वसाधारण खर्च. आणि हिशेबाची वही, ती लिहिणारा माणूस, त्याचा चष्मा हा प्रशासकीय. त्या चष्म्यामुळे चुलीवर एकही भांडे चढत नाही. तरी तो फुटला तर आठवड्यात सगळा घोळ होतो.

दुसरी खूण सांगतो. दांड्यांचा खर्च ब्रशाच्या संख्येबरोबर वाढतो आणि कमी होतो. हा खर्च बहुतेक करून तसा नाही, तो महिन्याबरोबर चालतो. हजार ब्रश करा की एकही करू नका, पहिली तारीख आली की भाडे द्यायचेच. म्हणून धंदा मंदावला की हाच खर्च आधी डोळ्यांत खुपतो, आणि म्हणूनच लोक इथेच आधी कात्री चालवतात. काही वेळा बरोबर चालवतात. काही वेळा जिन्यातला दिवा काढतात आणि मग कुणीतरी पडते.

तेव्हा घाई करू नये. विशेषतः विक्रीखर्चातल्या जुन्या ओळींना हात लावण्यापूर्वी मला एकदा विचारावे, ही विनंती.

चिरंजीवांबद्दल: शहर फार मोठे आहे. चौकशी करतो.

आपला,
अण्णा

२४ जून

अण्णा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा यांना वाचून दाखवलं. चष्म्याच्या वाक्याला डावा गाल हलला. हसलेच म्हणायचे.

मग पदर खोचला. रोज दहा ते एक ऑफिसात बसते. किती पाहुणे त्या खोलीत, अण्णा! दोन वर्तमानपत्रं येतात. एक कुणी वाचत नाही आणि दुसरं मिस्त्री डबा ठेवायला नेतो. मागच्या गोदामात दिवसरात्र दिवा, तिथे तुटक्या खोक्यांशिवाय काही नाही. विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तो आधीपासून जळतोय." आधीपासून! जसा काही सूर्यच. दरवर्षी पाचशे कॅलेंडरं छापतात, तीनशे कपाटात पडून. टायपिंगच्या बाईने सांगितलं, टेलिफोनला कुलूप लावा, मिस्त्री सासुरवाडीला फोन करतो. मिस्त्री म्हणाला, बाईंचा कार्बन पेपर मोजा. दोघांचं ऐकलं. दोन्ही खरं निघालं.

एवढं करून शंभरातले अडीच वाचले. आणखी अडीच कुठून आणायचे म्हणून मी विक्रीखर्चाची जुनी पानं उलटत गेले, आणि मग सापडला.

"बाहेरगावचा एजंट, कमिशन." दर तिमाहीला एक हजार पाचशे पंचाहत्तर. सहा वर्षं. कमिशन म्हणजे विक्रीवर, हे आता मला तुमच्यामुळे कळतं. जितका माल खपवला त्याच्या प्रमाणात. मग दरवेळी तोच आकडा कसा? विक्रीची वही काढून एकेक ऑर्डर पाहिली. त्या एजंटाच्या नावावर सहा वर्षांत एक ब्रश खपलेला नाही. एक डझन नव्हे, एक ब्रश. बाईंना काही माहीत नाही, दर तिमाहीला पैसे धाडायचा कागद बँकेला द्यायचा एवढंच ठाऊक. त्या एका ओळीने बँकेचं उरलेलं काम होत होतं.

यांना विचारलं. वही समोर धरून बोट ठेवलं. अण्णा, त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. घशातून आवाज काढत राहिले, डोळ्यांतून पाणी. स्वतःला कुणी सहा वर्षं फसवलं हे कळल्यावर मानी माणसाचं होणारच असं. मी डोळे पुसले, म्हटलं, झालं ते झालं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, मी बघते.

एक जुलैपासून ती ओळ बंद केली. तुम्हाला विचारायचं होतं, पण तिमाहीची तारीख डोक्यावर आली. यात विचारण्यासारखं तरी काय होतं?

ठेंगूचं काही कळलं का?

तुमची,
वहिनी

२ जुलै

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळाले. बाकी सर्व काटकसर योग्यच आहे. पण ती एजंटाची ओळ पुन्हा चालू करावी. मी हात जोडून सांगतो.

काही खर्चांचे फळ विक्रीच्या वहीत दिसत नाही. मालकांनी कुणाला तरी शब्द दिलेला होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. रक्कम जड वाटत असेल तर निम्मी करा, पण बंद करू नका.

मालकांसमोर ती वही पुन्हा नेऊ नये.

अण्णा

१९ जुलै

अण्णा,

हे पत्र लिहू नये असं वाटत होतं. देवापुढे बसले, मन शांत होईना, म्हणून लिहिते.

तुम्ही दुखणाईत माणसाच्या नावावर गूढ बोलता, म्हणून मी बँकेत जाऊन खातं विचारलं. एजंटाचं खातं तुमच्या शहरात आहे. तुमच्या जावयाच्या नावावर.

सव्वीस वर्षं या घराचं मीठ खाल्लंत. तुमच्या मुलीच्या लग्नात माझे पाटल्यांचे पैसे बिनव्याजी दिले होते, ते तुम्ही फेडलेत, त्याबद्दल बोलत नाही. अडचण होती तर दारात येऊन सांगायचं होतं. वहीत एजंट कशाला उभा केलात? आम्हाला लिहायला शिकवणाऱ्यानेच असं लिहावं? जिन्यातला दिवा म्हणे. तुमच्या जिन्यातला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांना तर नाहीच. ओळ मात्र बंदच राहील.

राग आहे तरी एक काम तुमच्याशिवाय कुणाला सांगू? ठेंगूची मनिऑर्डर या महिन्यात आली नाही. पत्रही नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. सात तारखेपासून रोज पोस्टमनच्या वेळेला मी दारात उभी असते. तो आता लांबूनच मान हलवतो. हेही माझ्याकडे बघतात, मग दाराकडे बघतात.

पैशांसाठी म्हणत नाही. त्यातली दमडी मी खर्चलेली नाही. सगळे त्याच्या नावाने पोस्टात ठेवले आहेत, तो येईल तेव्हा हातात ठेवायला. पण तो आजारी असेल का? एकटा असेल तर पाणी कोण देईल? तुम्ही मला फसवलंत ते मी विसरेन. एकदा जाऊन बघून या.

वहिनी

२७ जुलै

वहिनींना नमस्कार.

तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. एजंट माझ्या ओळखीचा होता आणि चूक माझी आहे. क्षमा मागण्याचे तोंड नाही.

चिरंजीवांची काळजी करू नये. चौकशी केली. पगाराला उशीर झाला होता, असे कळते. मनिऑर्डर एक-दोन दिवसांत पोचावी.

अण्णा

९ ऑगस्ट

अण्णा,

मनिऑर्डर तीस तारखेला पोचली. सोबत पत्रही होतं. "आई, उशीर झाला, माफ कर. मी बरा आहे. तू जेवत जा." टाइप केलेलं. नेहमीसारखंच.

माझा जीव भांड्यात पडला. मग मनात आलं, पोराची ओढाताण होतेय, आणि मी इथे त्याचे पैसे नुसते साठवते आहे. म्हणून पाचशे काढले आणि त्यालाच मनिऑर्डर करायला पोस्टात गेले. लिहिणार होते, आता तू पाठवू नकोस, मीच पाठवते.

आजवर मनिऑर्डर घेत आले, कधी केलेली नव्हती. खिडकीतल्या माणसाने पाचशे पंचवीस मागितले. मी म्हटलं, वरचे पंचवीस कशाचे? तो म्हणाला, "मावशी, पैसे चालत जात नाहीत, त्यांचं भाडं." मागची माणसं हसली. मला ते पंचवीस फार लागले, तुम्ही मला ओळखता. घरी येऊन वहीत लिहिलं, मनिऑर्डर पाचशे, तिचा खर्च पंचवीस, एकूण पाचशे पंचवीस. आणि सवयीने मनात म्हटलं, दर महिन्याला असं धाडलं तर तिमाहीला किती पडेल?

तीन वेळा पाचशे पंचवीस.

मी ती बेरीज कागदावर केली. एक हजार पाचशे पंचाहत्तर. मग गुणाकार करून पाहिला. मग वही मिटून देवासमोर जाऊन बसले, पण हात जोडायचं सुचलं नाही.

एजंट जुलैत बंद झाला. ठेंगू जुलैत बंद झाला. मग मी तुम्हाला चोर म्हटलं, आणि अकरा दिवसांत ठेंगूला पगार मिळाला. ते पाचशे तुम्ही कुठून आणलेत, अण्णा? तुम्हाला पेन्शन नाही, हे मला माहीत आहे. मी बोलले ते मागे घेते. पायांवर डोकं ठेवायला हवं, ते भेटीत ठेवीन.

आता मला समजुतीचं काही लिहू नका. एकच विचारते. माझा मुलगा जिवंत आहे का?

वहिनी

१६ ऑगस्ट

वहिनींना नमस्कार.

जिवंत आहे. हे आधी वाचा, मग पुढे वाचा.

सात वर्षांपूर्वी कारखान्याच्या रोख पैशांच्या पेटीत चार हजार कमी आले. किल्ली दोघांकडे, मालकांकडे आणि चिरंजीवांकडे. मालक त्याला सर्वांसमोर चोर म्हणाले. तो गेला. तीन आठवड्यांनी मला चूक सापडली. मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर घेताना मी हातचा चुकलो होतो. पैसे कधी कमी नव्हतेच. सव्वीस वर्षांतली माझी ती एक चूक.

मी राजीनामा घेऊन मालकांपुढे उभा राहिलो. त्यांनी तो फाडला. म्हणाले, "पेन तुमचं होतं, जीभ माझी होती." ते दुसऱ्याच दिवशी इकडे आले. तुम्हाला मालाच्या वसुलीला जातो म्हणून सांगितले होते. त्यांनी त्याला शोधून काढले. त्याने दार उघडले, पाहिले आणि लावून घेतले. मालक जिन्यात दोन तास बसले होते.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. तुम्ही अन्न टाकले होते. चक्कर येऊन पडलात, दवाखान्यात नेले. तिथून मालक सरळ माझ्या टेबलापाशी आले, दार लावले. म्हणाले, तिला दर महिन्याला त्याचं पत्र यायला हवं. मी म्हटले, पत्र ठीक, पण पैसे कारखान्याचे कसे घालायचे, हा धंद्याचा खर्च नव्हे. ते म्हणाले, "घरात ती उभी राहिली नाही तर मी इथे उभा राहीन का? मी राहिलो नाही तर कारखाना राहील का? घाला कुठल्याही रकान्यात." आम्ही जाहिरात म्हणून पाहिले, प्रवास म्हणून पाहिले. शेवटी कमिशन ठरले. ते चूकच होते. पण हात माझा होता आणि माझ्या हाताने आधीच एक घर मोडले होते. पत्रे मीच टाइप करीत होतो, मुलगी ती इथून मनिऑर्डरसोबत टाकत असे. तुम्ही जेवू लागलात म्हटल्यावर मालक पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.

तुमची सगळी पत्रे माझ्या पेटीत येत. पहिली अकरा मी मुलीकडून त्याच्याकडे पोचवली. न फोडता परत आली. इकडे राहायला आल्यावर मी स्वतः दोनदा भेटलो. माझी चूक त्याच्या तोंडावर कबूल केली. तो म्हणाला, "काका, तुमच्यावर राग नाही. बाबांवरही उरलेला नाही. पण त्या दिवशी आई दारात उभी होती. तिला माहीत होतं मी चोर नाही. ती एक शब्द बोलली नाही."

हे लिहावे की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. पण तुम्ही समजुतीचे लिहू नका म्हणालात.

त्याचे लग्न झाले आहे. मुलगी आहे, तेव्हा चार वर्षांची होती. हनुवटी तुमची. हे मालकांना मी कळवले होते. यंदा जूनमध्ये तुमचे पत्र आल्यावर पुन्हा गेलो. घर रिकामे होते. शेजारी म्हणाले, वर्षापूर्वी बायकामुलीला घेऊन दूर कुठे नोकरीवर गेला. पत्ता ठेवला नाही. मी विचारत फिरतो आहे. आता आशा कमी आहे.

अण्णा

३ सप्टेंबर

अण्णा,

उत्तराला उशीर झाला. कामं सांगते, म्हणजे सुरुवात होईल.

बँकेचा माणूस येऊन गेला. आकडा सव्वीसवर आला आहे. एजंटाची ओळ गेली म्हणून आला, हे त्याला काय सांगायचं? मुदत वर्षभराने वाढली. पोस्टात ठेवलेले पैसे मी काढले आणि कारखान्याच्या खात्यात भरले. ते कारखान्यातूनच आले होते. बाईंनी विचारलं, कशाखाली जमा करू? मी म्हटलं, मालकांकडून आलेले म्हणून लिही. चहा मात्र त्या माणसाने या खेपेला घेतला.

आता दाराचं. हो, मी उभी होते. तो चोर नाही हे मला माहीत होतं, जसं माझं नाव मला माहीत आहे. पण नवरा चारचौघांत बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं, आणि मला वाटलं, संध्याकाळी यांचा राग उतरला की सांगेन. मी संध्याकाळची वाट बघितली, अण्णा. सात वर्षं मी बापलेकांच्या भांडणासाठी देवाकडे रडत होते. देव तेव्हा काय म्हणत असेल? हिला अजून बेरीज जमत नाही, असंच म्हणत असेल.

त्याने माझी पत्रं फोडली नाहीत. अकरा म्हणालात. त्या पहिल्या पत्रांत मी काय लिहिलं होतं ते मला आठवतं. थंडीत गळ्याला गुंडाळत जा, वेळेवर जेव, बाबांचं मनावर घेऊ नकोस. माझं चुकलं, हे एकातही नव्हतं. फोडली असती तरी त्याला काय मिळालं असतं? बाकीची तुमच्याकडे असतील. ती जपून ठेवा किंवा जाळा, पण मला परत पाठवू नका.

तुम्ही त्याला शोधत राहा. माझ्यासाठी नको. सापडला तर एवढंच सांगा, आई म्हणते तू खरा होतास आणि मला ते त्याच वेळी माहीत होतं. ये म्हणू नका. ते म्हणायचा हक्क मी त्या दारात घालवला.

आणि आता यांचं. मी मूर्ख, मला वाटलं होतं फसवले गेले म्हणून रडतात. ते माझ्यासाठी रडत होते. ती ओळ बंद झाली की पत्र बंद होणार, आणि पत्र बंद झालं की ही पुन्हा जेवायची थांबणार, हे त्यांना दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. जुलैत पोस्टमन हात हलवत गेला की ते दाराकडे नव्हे, माझ्या ताटाकडे बघत होते. हे मला तुमच्या पत्रानंतर कळलं.

तुमचं पत्र आल्यावर मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी पाहिलं तर त्यांनीही दुधाला तोंड मिटलं होतं.

तेव्हा त्यांना मी काही सांगणार नाही. मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं, तर सहा वर्षांची त्यांची मेहनत फुकट गेली असं त्यांना वाटेल. त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलं आहे, मला फसवून वाचवलं हे. ते मी काढून घेणार नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. पैसे पाठवू नका, तुम्ही स्वतःचे पाठवलेले पाचशे पेटीवर केलेल्या माझ्या मनिऑर्डरीतून तुमच्याकडे परत आलेच असतील, ते ठेवून घ्या. पण टाइप केलेलं पत्र दर महिन्याला येऊ द्या. चार ओळींचं, नेहमीसारखं. कागद आणि तिकिटाचा खर्च मी देईन, माझ्या घरखर्चातून. कारखान्यावर टाकायचा नाही.

या महिन्याचं पत्र नव्हतं. काल पोस्टमन आला तो विजेचं बिल घेऊन. मी ते पाकीट हातात धरून आत गेले आणि यांच्याजवळ बसून म्हटलं, ठेंगूचं पत्र आलंय. बिलावर नजर ठेवून वाचत गेले. आई, मी बरा आहे. काम खूप असतं. नवीन बूट घेतले. नातीबद्दलचं एक वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. ती आहे हे त्यांना माहीत आहे, आणि मला ते माहीत नसायला हवं.

ते पाकिटाकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, मी खूश होते की नाही ते. मी खूश झाले. शेवटी वाचलं, आई, तू जेवत जा. बिल घडी करून कमरेला खोचलं, ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून जेवले. सगळं संपवलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी दूध भरवलं.

तुमची,
वहिनी